टेबलाची उंची

लेखकाच्या घरी जेवायचं टेबल होतं, पण त्यावर जेवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. लग्नानंतर हौसेनं घेतलेलं, चांगलं सहा माणसांचं टेबल. आता त्यावर कागदांचे गठ्ठे, दोन शब्दकोश, एक रुसलेला प्रिंटर, कुठल्याशा कंपनीनं ‘नीट बघून लिहा’ म्हणून पाठवलेला पंखा, आणि या सगळ्याच्या मधोमध लेखक. बायको आणि लेक पलंगाच्या कडेला बसून, ताटं मांडीवर घेऊन जेवायच्या. लेखकही खुर्ची तेवढी वळवून घ्यायचा आणि मजेत जेवायचा. या दोघींना तसंच आवडतं, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. सोयीचं असलं की माणसाचं मत प्रामाणिकच असतं.

लेखक म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर येतो तसला लेखक नव्हे हं. हारतुरे, सत्कार, सह्या घ्यायला रांगा, यातलं काही नाही. हा आपला पोटापाण्याचा लेखक. मिक्सर कसा जोडावा, पंखा कसा पुसावा, निवृत्त होणाऱ्या साहेबांबद्दल चार बरे शब्द कसे बोलावेत, गेलेल्या काकांबद्दल पेपरात काय छापावं, सगळं तो लिहायचा आणि कशावरही त्याचं नाव नसायचं. गल्लीत त्याला सगळे ‘लेखक’च म्हणत. कुणी कौतुकानं म्हणे, कुणी चेष्टेनं, कोपऱ्यावरचा न्हावी दोन्ही मिसळून. त्याला त्याचं काही वाटत नसे. ‘झाकण घट्ट बसल्याशिवाय बटण दाबू नये’ हे मिक्सरच्या पुस्तिकेतलं वाक्य त्यानं घासूनपुसून असं केलं होतं, की ते वाचून कितीतरी स्वयंपाकघरांच्या भिंती स्वच्छ राहिल्या असतील, असं तो लेकीला सांगायचा. “बाबा, ती पुस्तिका कुणीच वाचत नाही,” लेक म्हणायची. “म्हणूनच भिंती खराब होतात,” तो म्हणायचा.

खरं घर चालायचं ते मात्र आत्मचरित्रांवर. म्हणजे दुसऱ्यांच्या. पंचाहत्तरी आली की मुलं म्हणतात, आईवर एक पुस्तक करू या. मग लेखक जाऊन बसायचा, ऐकायचा, लिहायचा, पुन्हा जाऊन वाचून दाखवायचा. या कामात त्याची एक खोड होती. रिकामी जागा दिसली की त्याचा हात अडे. ‘इथे माहिती विचारावी’ असं लिहून पुढे जाणं त्याला जमत नसे. त्या भोकातून सगळा मजकूर वाहून जातो, असं त्याला वाटायचं. म्हणून अशा जागी तो काहीतरी रचून टाकायचा, तात्पुरतं, आणि परिच्छेदाच्या आधी तीन चांदण्या काढून ठेवायचा. चांदण्या म्हणजे ‘हे खोटं आहे, खरं विचारून घे’. मग विचारायचा, खरं लिहायचा, चांदण्या पुसायचा. इतक्या वर्षांत एकही चांदणी मागे राहिली नव्हती. गवंडी बांधकाम झालं की परांची काढून नेतो, तितका साधा मामला.

या वेळचं पुस्तक लाँड्रीच्या आजींचं होतं. बाजाराच्या रस्त्यावर त्यांची लाँड्री होती, नवरा-बायकोनं दोघांनी मिळून उभी केलेली. आजोबा जाऊन काही वर्षं झाली होती. आता धाकटे दोघे परगावी आणि धंदा थोरल्याच्या हातात. मागच्या खोलीत धुण्याची मोठी यंत्रं आली होती, पण आजी काही हातातली इस्त्री सोडत नव्हत्या. लेखक रोज सकाळी जायचा, इस्त्रीच्या टेबलाच्या कडेला कप टेकवून चहा घ्यायचा आणि त्या इस्त्री करता करता जे बोलतील ते लिहून घ्यायचा. बोलायला आजी फटकळ. कुठल्या गिऱ्हाइकानं कोटाच्या खिशात काय ठेवलं होतं, कुठल्या डॉक्टरच्या सदऱ्याला कसले डाग असायचे, सगळं सांगायच्या. फक्त आजोबांचा विषय निघाला की त्यांचं गाडं थांबायचं.

“आजोबा कसे होते?” लेखकानं विचारलं होतं.

“चांगले होते. कमी बोलायचे. पुढे लिहा.”

आता उभ्या संसारावर ‘चांगले होते, कमी बोलायचे’ असं एका ओळीचं प्रकरण कसं लिहायचं, तुम्हीच सांगा. पुन्हा विचारायचा लेखकाला संकोच वाटला. बाईमाणूस, वय झालेलं, नवरा गेलेला. कशाला खपली काढा? म्हणून घरी आल्यावर त्यानं एक प्रसंग रचला. आजींनी जन्मभर साऱ्या गावाचे कपडे कडक केले, पण स्वतःचा निळा कोट मात्र कायम चुरगळलेला. एका संध्याकाळी आजोबांनी दुकान बंद केल्यावर तो कोट घेतला, एक शब्द न बोलता इस्त्री केला आणि खुंटीला लावला. बाहीवर एक घडी तिरकी पडली होती. आजींनी ती घडी तशीच ठेवून कोट वापरला. बस, एवढंच. वर तीन चांदण्या.

आणि खरं सांगायचं तर त्याला तो प्रसंग भलताच आवडला. वाचून दाखवताना त्यानं तेवढा भाग गाळला, म्हटलं उद्या विचारू. उद्या पंख्याच्या कंपनीचं काम तातडीनं आलं. पंखा वाट बघत नाही, आजी बघतील, असं म्हणून तो पंख्याला लागला, आणि मजकूर तसाच छापखान्यात गेला. छापखानेवाला माणूस टापटिपीचा. या कसल्या फुल्या मध्येच, टाइप करताना बोट पडलं असेल बिचाऱ्याचं, असं म्हणून त्यानं चांदण्या पुसल्या. वर बिलात त्याचे पैसेही लावले नाहीत.

पंचाहत्तरीच्या समारंभाच्या आदल्या दिवशी पुस्तकांचे खोके लाँड्रीत पोचले आणि एक प्रत लेखकाच्या घरी आली. त्याच्या प्रत्येक पुस्तकाची पहिली वाचक बायको. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांचे नंबर तपासून आल्यावरही हिची वाचायची हौस फिटत नसे. ओट्याशी उभ्या उभ्या ती वाचत होती. थोड्या वेळानं पुस्तक छातीशी धरून बाहेर आली, तर डोळे भरलेले.

“तो कोटाचा प्रसंग,” ती म्हणाली. “काय उतरलाय रे. खरी गोष्ट ती खरीच. तुला असलं आपणहून कधी सुचलं नसतं.”

 लेखकानं पुस्तक हिसकून घेतलं, पान बघितलं. चांदण्या नव्हत्या. कोट होता, खुंटी होती, तिरकी घडी होती.

“सुचलंय,” तो कसाबसा म्हणाला. “मलाच सुचलंय ते.”

बायको खाली बसली. काय झालं ते सगळं ऐकून घेतलं, आणि मग शांतपणे म्हणाली, “सकाळी जाऊन सांग.”

“सांगितलं तर संघटनेचं काम जाईल.”

हे खरंच होतं. लाँड्रीचा थोरला बाजारातल्या व्यापारी संघटनेचा चिटणीस होता. आईचं पुस्तक चांगलं झालं तर संघटनेचा इतिहास याच लेखकाकडून लिहून घ्यायचा, असं त्यानं बोलून दाखवलं होतं. तसं झालं तर वर्षभर घराला काळजी नव्हती. खोटं लिहिणाऱ्या माणसाला इतिहास कोण देतो? आणि ही गोष्ट बाजारात पसरायला कितीसा वेळ? आत्मचरित्रांचा धंदाच बसला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं लेखकाच्या अगदी ओठांवर आलं होतं. बायकोच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं ते गिळलं.

“त्या बाईचा नवरा आहे तो,” बायको म्हणाली. “तिचा खरा असताना तू तिला दुसरा कसा देतोस?”

लेखकानं पुस्तक मिटून पिशवीत घातलं.

सकाळी तो लाँड्रीत गेला तर थोरला दारातच भेटला. आडदांड, उंच, एरवी कामापुरतं बोलणारा माणूस. त्यानं लेखकाचे दोन्ही हात धरले.

“अहो, त्या कोटाचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. बाबा घरात कधी चार शब्द बोलले नाहीत. मला तर वाटायचं, यांना आमच्या कुणाचं काही पडलेलंच नाही. रात्री दोनदा वाचलं मी ते. आज समारंभात तेवढं पान मीच वाचणार आहे.”

लेखक ‘वा’ म्हणाला. दुसरं काय म्हणणार?  तो तसाच मागच्या खोलीत गेला. आजी पंचाहत्तरीच्या दिवशीही टेबलाशी उभ्या होत्या, समोर हॉटेलच्या चादरींचा ढीग. लेखक उभ्या उभ्याच सगळं बोलून गेला. चांदण्या, पंखा, छापखाना, सगळं. आजींची इस्त्री थांबली नाही.

“नातीनं वाचून दाखवलं मला,” त्या म्हणाल्या. “मी म्हटलं, हा कोण बाई कोटबिट इस्त्री करणारा? आमच्या यांनी तर उभ्या जन्मात माझा रुमालसुद्धा इस्त्री केला नाही. आणि निळा कोट माझ्याकडे कधी नव्हता. तपकिरी होता.”

“चुकलं माझं, आजी.”

“ते चुकलंच. पण मला विचारलं का नाहीत?”

“विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, चांगले होते, पुढे लिहा.”

“मग पुन्हा विचारायचं. एकदा विचारल्यावर कुणी सांगतं का? पाहुण्याला वाढतानासुद्धा आपण दोनदा विचारतो.” आजींनी इस्त्री उभी केली आणि टेबलावर थाप मारली. “हे बघा. हे यांनी केलंय. दुकान घातलं तेव्हा, खोक्यांच्या फळ्यांचं. बघा बरं, तुमच्या कुठे येतं.”

लेखक टेबलाला लागून उभा राहिला. मांडीपाशी येत होतं. आजींच्या बरोबर कमरेशी.

“मी ही एवढीशी. हे थोरल्याएवढे उंच. इथेच समोरासमोर उभं राहून आम्ही दोघं इस्त्री करायचो. हे कायम वाकलेले. मला वाटायचं, लाकूड कमी पडलं असेल, म्हणून बुटकं झालंय. पुढे टेबलाचे पाय किडले, तर सुतार आला. तो म्हणाला, मालक, वीतभर उंच करून देतो, पाठ मोडली तुमची. हे म्हणाले, नको, आहे तेवढंच ठेव. सुतार गेल्यावर मी म्हटलं, अहो, घ्यायचं होतं करून. तर म्हणाले, तुझे खांदे दुखतील.” आजींनी चादरीची घडी घातली. “एवढंच बोलले. पुन्हा तो विषय नाही. शेवटची वर्षं पाठीला पट्टा बांधून उभे राहायचे, पण टेबल काही वाढवू दिलं नाही.”

लेखकानं टेबलाच्या कडेवर हात ठेवला. किती सकाळी त्यानं याच टेबलावर कप टेकवला होता, आणि टेबल बुटकं आहे म्हणून वाकून चहा प्यायला होता.

“हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“यात काय सांगायचं? टेबल आहे. तुमच्यासमोरच तर होतं.” मग त्यांनी पुन्हा इस्त्री उचलली. “आता थोरल्याला जाऊन सांगा. मी नाही सांगणार. तुमचं तुम्ही निस्तरा.”

थोरल्याला सांगणं जड गेलं. लेखकानं ‘तो प्रसंग मी रचलेला आहे’ एवढं वाक्य उच्चारलं आणि त्या मोठ्या माणसाचं तोंड लहान पोरासारखं उतरलं. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं.

“म्हणजे बाबांनी तसं काही केलं नाही,” तो म्हणाला.

“कोटाचं नाही केलं. तुम्ही जरा आत येता?”

आत आल्यावर लेखकानं त्याला टेबलाशी, आजींच्या समोरच्या बाजूला, उभं केलं आणि एक चादर इस्त्री करायला सांगितली. थोरला वैतागला, पण आईसमोर चालतं कुणाचं? चार-सहा हात फिरवले आणि त्यानं सवयीनं कमरेला हात लावला.

“या टेबलाला मी शाळेत असल्यापासून शिव्या घालतोय,” तो म्हणाला. “पुढच्या महिन्यात भंगारात देणार आहे.”

“हे तुमच्या उंचीचं का नाही, ते विचारा आईंना,” लेखक म्हणाला.

थोरल्यानं आईकडे बघितलं. आजींनी सांगितलं, मघापेक्षाही थोडक्यात. थोरला तसाच वाकून उभा राहिला. सरळ व्हायचं त्याला सुचलंच नाही. मग त्यानं इस्त्री बाजूला ठेवली, दोन्ही तळवे टेबलावर टेकले आणि रडला. आजी म्हणाल्या, “चादरीवर नको. हॉटेलची आहे.”

डोळे पुसून झाल्यावर थोरल्याचा आवाज पुन्हा कामाचा झाला. “पुस्तकाचं आता काय करायचं?”

“ते पान बदलतो. संध्याकाळच्या आत.”

“बदला. संघटनेच्या कामाचं मग बघू,” असं म्हणून तो गेला. ‘मग बघू’चा अर्थ लेखकाला चांगला कळत होता. त्याच्या धंद्यात ‘मग बघू’ म्हणजे कुणी काही बघत नाही.

तिथून पुढे नुसती धावपळ. लाँड्रीतच बसून त्यानं नवा प्रसंग लिहिला. जुना जेवढ्या ओळींत होता तेवढ्याच ओळींत बसवायचा होता, नाहीतर पुढची सगळी पानं सरकली असती. गंमत म्हणजे या वेळी काही सजवावं लागलं नाही, उलट ओळी उरल्या. त्यात त्यानं सुतार आणखी काय म्हणाला होता, ते आजींना विचारून घातलं. मग आजींना वाचून दाखवून, त्यांनी मान हलवल्यावर, छापखान्यात. छापखानेवाला आधी कुरकुरला, मग फुल्यांचं ऐकून ओशाळला आणि एकच पान सगळ्या प्रतींपुरतं छापून द्यायला बसला. लाँड्रीच्या गाडीनं पुस्तकांचे खोके लेखकाच्या घरी आले. जुनं पान पात्यानं कापायचं, मुळाशी बोटभर पट्टी ठेवायची, तिला नवं पान चिकटवायचं, वर वजन ठेवायचं.

“कुठे बसायचं?” लेकीनं विचारलं.

बायकोनं टेबलाकडे बघितलं. लेखकानंही बघितलं. मग तिघांनी मिळून ते रिकामं केलं. गठ्ठे पलंगाखाली, शब्दकोश कपाटावर, प्रिंटर जमिनीवर, पंखा खिडकीत. खालचं लाकूड अजून चकचकीत होतं. तिघंही टेबलाभोवती बसली. लेखक कापायचा, बायको डिंक लावायची, लेक दाबून ठेवायची. लेक म्हणाली, बाबा, तुमच्या पुस्तकात एक तरी पान खरं आहे का, तेही तपासून घेऊ या. बायको इतकी हसली की डिंक भलतीकडेच लागला. समारंभाला निघायच्या वेळी शेवटची प्रत वजनाखाली होती.

समारंभात थोरल्यानं ते पान वाचलं. ‘तुझे खांदे दुखतील’ या शब्दांपाशी त्याला पुढे जाता येईना.  पहिल्या रांगेत आजी बसल्या होत्या, अंगात तपकिरी कोट, आणि तो कडक इस्त्रीचा होता. वाचून झाल्यावर थोरला खाली उतरला तो थेट लेखकापाशी आला.

“टेबल भंगारात जाणार नाही,” तो म्हणाला. “आणि संघटनेचं काम तुम्हीच करा. फक्त एक करायचं. प्रत्येकाला दोनदा विचारायचं.”

लेखकानं कानाला हात लावला.

घरी परतल्यावर तो दिवा लावून उभा राहिला. टेबल रिकामं होतं. पलंगाखालचे गठ्ठे पुन्हा वर ठेवायला तो वाकणार, तेवढ्यात लेकीनं येऊन टेबलावर तीन ताटं मांडली, कुणाला न विचारता. तिघं जेवायला बसली. लेक जेवताना टेबलावर कोपरं टेकत होती, आणि तिला कुणी रागावलं नाही. बायको मधूनच टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती, डिंक राहिलाय का बघत असल्यासारखी.

लेखक तिच्याकडे बघत राहिला. आपण साऱ्या गावाला जाऊन विचारत बसतो; काखेत कळसा आणि गावाला वळसा.

“तुला हे टेबल हवं होतं का गं जेवायला? इतके दिवस?”

“छे,” ती म्हणाली. “आमचं चाललं होतं की छान. जेव तू.”

एरवी लेखक जेवला असता. आज हातातला घास त्यानं ताटात परत ठेवला.

“हवं होतं का?” त्यानं पुन्हा विचारलं.

बायकोनं पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला. लेक ताटात बघत बसली. मग बायको म्हणाली, “रोज.” आणि खुर्ची पुढे ओढून घेत ती सांगायला लागली.